आपलाच तानपुरा, व्हाया लंडन

भाच्याने तबकडी विकत घेतली आहे. प्लेअर घेतलेला नाही.

घरपोच आलेला चौकोनी खोका बघून शेजारच्यांना वाटलं, भिंतीवरचं घड्याळ आलं. निघाली 'ऑब्सेशन'. अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट नावाच्या मुंबईच्या बँडची, सत्तरच्या दशकातली सायकेडेलिक कमाई. आता मुंबईचा माल सावनेरला कुठून यावा? लॉस एंजेलिसहून. तिथल्या नाऊ-अगेन नावाच्या कंपनीने 2011 मध्ये तो नव्याने काढला आणि जगभरच्या शौकिनांनी उचलला. मुंबई ते सावनेर, व्हाया अमेरिका. आमच्या एसटी डेपोतली कुठलीही गाडी एवढा फेरा मारत नाही.

"मंग वाजव ना," मी म्हणालो.

"मामा, प्लेअर पुढच्या मयन्यात. आता पैसे सरले."

"मंग हे आताच काहून घेतली?"

"लिमिटेड हाये ना!"

तूर्तास तबकडी दिवाणखान्यात आजोबांच्या फोटोशेजारी लटकते आहे. हार तेवढा घालायचा राहिला.

भाच्याला दोष देण्यात अर्थ नाही. हल्ली सगळीकडे हेच चाललंय. कुठलातरी स्वतंत्र बँड उठतो आणि 'रेट्रो सायकेडेलिक पॉप' अल्बम काढतो. त्याची पाककृती एव्हाना मलाही पाठ झाली आहे. गिटारला फझ लावायचा, मग फेझर, म्हणजे सूर गरगर फिरल्यासारखा ऐकू येतो. गायकाचा आवाज विहिरीत उतरवायचा. ऑर्गनचा जुना टोन शोधायचा. शेवटी संगणकातून टेपची खरखर आणि किंचित लटपट पैसे देऊन विकत घ्यायची. आमच्या लहानपणी या लटपटीवर पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळणं हा इलाज होता. तेव्हा तो दोष होता, आता प्लगइन आहे. मुखपृष्ठावर काडेपेटीच्या छापातलं देवनागरी अक्षर, भगवा सूर्य, दोन कुत्र्याच्या छत्र्या. अल्बमचं नाव देशी, आतली गाणी इंग्रजी. तेरावं गाणं असेल तर ते नुसता घूं घूं आवाज, कारण तिथवर कुणी पोहोचत नाही, याची बँडलाही कल्पना असते.

यांतले काही उत्तम आहेत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पत्रं येतात. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 2019 चा 'बिस्मिल्लाह' मी कामं करता करता लावतो आणि कामं राहून जातात. कोलकात्याच्या पारेख अँड सिंग यांचा 2016 चा 'ओशन' तर इतका गोड, की डॉक्टरांना विचारून ऐकावा. कारागिरीत खोट नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. ही मंडळी ज्या आठवणींनी व्याकूळ होतात, त्या आठवणी कुणाच्या? 1967 च्या लंडनच्या. ज्यांचा जन्मच मुळात नव्वदीनंतरचा, त्यांनी लंडनच्या साठीबद्दल गहिवरायचं, आणि तेही मेलबर्नच्या एखाद्या मुखवटेवाल्या त्रिकुटाने आधी गहिवरून दाखवल्यावर.

बरं, त्या लंडनच्या साठीत होतं काय? आपलंच सामान. 1966 च्या 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये बीटल्सनी खाली तानपुरा घुमत ठेवला, वर टेपचे तुकडे उलटसुलट फिरवले आणि लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढला. तिथून पुढे सतारीचं एवढं पीक आलं, की लंडनमध्ये कुणीही उठून मींड घेऊ लागला. जॉर्ज हॅरिसन जानेवारी 1968 मध्ये मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन बसला, आपल्या वादकांकडून वाजवून घेतलं, टेप घेतली आणि गेला. त्या वादकांत हरिप्रसाद चौरसियाही होते. 1972 मध्ये लेड झेपलिनचे पेज आणि प्लँट आले, त्यांनी फिल्मी वाद्यवृंदाला घेऊन मुंबईतच दोन गाणी रेकॉर्ड केली आणि संध्याकाळी कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या जागेत हौसेखातर वाजवूनही गेले. म्हणजे कच्चा माल इथून गेला, तिकडे त्याचं कापड झालं, आणि आता ते कापड आम्ही आयात शुल्क भरून अंगावर मिरवतो. हा व्यवहार दादाभाई नौरोजींनी कधीच लिहून ठेवला आहे. फक्त तेव्हा आपण त्याला रेट्रो म्हणत नव्हतो.

मुंबईत तेव्हा बँड नव्हते असं नाही. खंडीभर होते. 1970 आणि 1971 मध्ये तर सिमला बीट स्पर्धेच्या दोन तबकड्याही निघाल्या. देशभरची पोरं लांब केस घेऊन जमली, ऑर्गन नि गिटारी घेऊन खच्चून वाजवलं. पैसे कुणाचे? सिगारेटचे. सिमला ही सिगारेट, आणि तिच्या जाहिरातीसाठी हे बीट. भारतातल्या पोरांच्या बंडाचा पहिला आश्रयदाता तंबाखूवाला होता, ही गोष्ट मला फार आवडते. सावनेरच्या पानठेल्यांवर रोज जेवढा खर्रा घोटला जातो, त्या हिशेबाने इथे खर्रा बीट स्पर्धा भरली असती, तर आमचा तालुका आज सायकेडेलियाची राजधानी असता. प्लॅस्टिकच्या पन्नीवर सुपारी-तंबाखू घासण्याचा तो खर्र-खर्र ताल कुठल्याही ड्रम मशिनमध्ये मिळत नाही. आरोग्य खात्याने रागावू नये. मी फक्त तालाबद्दल बोलतोय.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचं असं झालं, की वाजत होते तेव्हा ते काही मोजक्या मुंबईकरांनी ऐकले. उरलेल्या देशाला पत्ताच नव्हता. मग तीसेक वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या संग्राहकाला सापडले, आणि एकदम ठेवा झाले. चरणजितसिंगांचं तेच. मुंबईचे फिल्मी वादक. 1982 मध्ये त्यांनी रोलँड कंपनीच्या नव्याकोऱ्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून तबकडी काढली. ती विकली गेली नाही. 2010 मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा काढली, आणि युरोपातले लोक म्हणू लागले, अरेच्चा, हे तर अ‍ॅसिड हाऊस, आणि शिकागोच्याही आधी! मग सत्तरी ओलांडलेले चरणजितसिंग युरोपच्या क्लबांत वाजवायला गेले. आपल्याकडे पद्धतच आहे. नवं असताना ऐकायचं नाही, जुनं झालं की रद्दीत घालायचं, आणि रद्दीतून गोऱ्याने उचललं की मग मूळ प्रत कुणाकडे आहे का म्हणून विचारत फिरायचं.

गावातलं एक जुनं बिछायत केंद्र मला या संदर्भात आठवलं. गाद्या, सतरंज्या, भोंगे आणि कधीकाळी तबकड्या. लग्नात सकाळी सनई, वरातीला नाच, पंगतीला दर्दभरी गाणी, असा त्या काळचा बिछायतवाल्याचा डीजे चालायचा. काकांना विचारलं, तबकडी वाजवायचं यंत्र आहे का? "मशीन हाय भाऊ, सुई नाही. सुई भेटतच नाही." आणि तबकड्या? त्या केव्हाच गेल्या. नागपूरहून एक जण आला, किलोवर घेऊन गेला. पुढे त्या कुठल्या देशात, काय भावाने गेल्या असतील, हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांना बीपी आहे.

आता मुद्द्याचं. उसनवारीला माझी हरकत नाही. सावनेरात राहून हरकत घेणं शोभायचंही नाही. बाहेरच्या माणसाला हे गाव दोन गोष्टींनी ठाऊक असतं, एक कोळशाच्या खाणी आणि दुसरे राम गणेश गडकरी, ज्यांनी 23 जानेवारी 1919 ला इथे, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी देह ठेवला. त्यानंतर महिनाभराच्या आत त्यांचं 'एकच प्याला' बडोद्याला रंगभूमीवर आलं. पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली. चालींत गायिका सुंदराबाईंचा मोठा हात, आणि त्या चालींची मुळं ठुमरीत, गझलेत, कव्वालीत, म्हणजे तेव्हा बैठकीत, कोठ्यावर, उरुसात जे कानावर पडत होतं त्यात. उसनंच की! आख्खं संगीत नाटक उसन्यावर उभं आहे. पण उसनं घेतलं ते शेजारच्या घरातून. घेणारा ओळखीचा, देणारा ओळखीचा, आणि बालगंधर्व गायला लागले की पिटातल्या माणसाला पण कळायचं, ही चाल आपण कुठेतरी ऐकलीय, पण साली आता काहीतरी दुसरीच झालीय. नशेच्या नाटकात नशा चढायची ती इथे. कुत्र्याच्या छत्र्या लागत नव्हत्या.

रॉकच्या बाबतीत हे मराठीत एकदाच नीट घडलं. नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे घरात रंगभूमी, आणि तीही फार्सची. पोरगा निघाला रॉक गायला. वेल्व्हेट फॉग नावाच्या बँडमध्ये ओरडला, 1974 मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जूडास झाला. इथवर सगळं कुलाब्याच्या हद्दीतलं. पण 1978 मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तचं 'थ्रीपेनी ऑपेरा' मराठीत आणलं, 'तीन पैशाचा तमाशा'. पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीसाठी जब्बार पटेलांनी ते बसवलं, आणि त्यात अंकुश केला नंदू भेंडेंनी. संगीतात भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि खुद्द भेंडे. एका बाजूला लावणी, एका बाजूला नाट्यपद, आणि मधूनच अंकुश रॉक गातोय. मराठीत! सदाशिव पेठेतली माणसं तिकीट काढून बसली होती आणि कुणी उठून गेलं नाही. इलेक्ट्रिक गिटारला मराठी शब्द पेलतात की नाही, या प्रश्नाचा निकाल त्या दिवशी लागला. पुढे भेंडे 'डिस्को डान्सर'मध्ये कृष्णाला धरतीवर बोलावून गेले. जूडासपासून कृष्णापर्यंत आठ वर्षांत, असा प्रवास धर्मग्रंथातही सापडायचा नाही. 2014 मध्ये ते वारले.

तिथून पुढे तो रस्ता कुणी नीट चाललाच नाही. आजच्या कुठल्याही रेट्रो बँडला विचारा, तुमच्यावर प्रभाव कुणाचा? पर्थच्या केव्हिन पार्करचं नाव येईल, टेक्सासच्या ख्रुआंगबिनचं येईल, फार तर आर. डी. बर्मन, तेही आता परदेशी डीजे वाजवतात म्हणून. 'तीन पैशाचा तमाशा' म्हटलं की चेहरा कोरा. अरे, पुण्यात राहता ना? ते नाटक झालं त्याच थिएटरच्या मागच्या गल्लीत रिहर्सलची खोली आहे तुमची!

आणि पुण्या-मुंबईचं सोडा. सायकेडेलिक म्हणजे जर सूर वितळणं, काळ सुटणं, डोकं गरगरणं आणि रंगांचा मारा असं असेल, तर लग्नसराईत सावनेरला या. धुमाल म्हणजे काय हे पश्चिम महाराष्ट्राला समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगतो. नागपूरकडची ही चीज. गाडीवर भोंग्यांची आणि बॉक्सची भिंत, एक कीबोर्डवाला, एक पॅडवाला, खाली ढोल-ताशे, मागे जनरेटर. वरात असो, गणपती असो की संदल. आमच्याच तालुक्यात ताजुद्दीन बाबांचं वाकी आहे, तेव्हा संदल आणि कव्वाली इथल्या हवेतच आहे. कव्वालीवाले बेंजो वाजवतात, तोही एक नमुनाच. 1912 मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या बटणांवरून सुचून तारांचं एक वाद्य केलं. ते समुद्र ओलांडून आलं, त्याला आपल्याकडच्या कुणीतरी पिकअप लावला, अँप्लिफायरला जोडलं आणि आवाज फाटेपर्यंत वाढवला. फझ, फझ म्हणून पोरं ज्या पेडलवर आठ-आठ हजार घालवतात, तो आवाज आमच्याकडे उरुसात फुकट मिळतो.

धुमालच्या कीबोर्डवाल्याकडे एकदा जवळून बघावं. उजव्या हाताने सनईच्या टोनमध्ये गाणं. डाव्या हाताचा अंगठा कायम त्या सूर वाकवायच्या चाकावर. नोट सरळ लागत म्हणून नाही. प्रत्येक सूर खालून घसरत येतो, वरून ओघळतो, कधी मधेच लटकतो. इको पूर्ण उघडलेला. तो आवाज समोरच्या दुकानांच्या शटरवर आपटून परत येतो, तोवर पुढचा सूर निघालेला असतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून जे काही तयार होतं ते नोटेशनमध्ये लिहायची कुणाची टाप नाही. मागचा जनरेटर एका सुरात अखंड घुमतोय. तोच तानपुरा. वर लाल-हिरव्या एलईडी. अशात समोरून दुसऱ्या वरातीचा धुमाल आला, की चौकात दोन गाणी, दोन पट्ट्या, दोन लयी समोरासमोर उभ्या राहतात. मागे कुणी हटत नाही. पाचेक मिनिटं नवरदेवाच्या घोड्यासकट सगळ्यांना ब्रह्मांड दिसतं. बीटल्सना हे करायला टेपचे पाच लूप आणि अ‍ॅबी रोडचा स्टुडिओ लागला होता.

कानठळ्या बसतात, हे खरंच. रात्री दहानंतर बंद झालं पाहिजे, तेही खरं, आणि ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांनी मला शिव्या घातल्या तर मी ऐकून घेईन. मी धुमालला पद्म पुरस्कार मागत नाहीये. एवढंच म्हणतोय, की भाच्याच्या हेडफोनमधला अल्बम जे सगळं इतक्या कष्टाने जमवतो, ते खिडकी उघडली की आत येतं, आणि भाचा उठून खिडकी लावतो.

पैशाचंही बघून घ्या. बँड स्वतंत्र म्हणजे डोक्यावर कंपनी नाही आणि खिशात पैसा नाही. स्पॉटिफायचा 2024 पासूनचा नियम असा, की वर्षभरात गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा छदामही मिळत नाही. मग पोरं मामा-मावश्यांना लिंक पाठवतात. मला आलेली लिंक मी इमानदारीने लावून ठेवतो आणि आवाज बंद करून झोपतो. कलेला आश्रय असाही देता येतो. उलट धुमालवाला कुणालाच लिंक पाठवत नाही. त्याचं नाव गाडीवर, नंबर गाडीवर, तुळशीचं लग्न लागलं की तारखा फुल. अ‍ॅडव्हान्स हातात पडल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. लेबल नाही, मॅनेजर नाही, मुलाखत नाही. याला स्वतंत्र म्हणायचं नाही तर कुणाला?

गेल्या लग्नसराईत पुण्याचा एक तरुण संगीतकार इथे आला होता. भाच्याच्या ओळखीचा. गळ्यात भारी हेडफोन, हातात केसाळ टोपी घातलेला माईक. पुढच्या अल्बमसाठी त्याला 'ऑथेंटिक लोकल टेक्स्चर' हवं होतं. धुमालच्या गाडीजवळ उभा राहून रेकॉर्डिंग करायला लागला. कीबोर्डवाल्याने वाजवणं थांबवलं.

"काय करून राह्यला भाऊ?"

त्याने समजावलं. सॅम्पल घेतोय, अल्बममध्ये वापरणार, क्रेडिट देणार, तुमचं नाव जगभर जाईल.

कीबोर्डवाल्याने गाडीच्या बाजूला रंगवलेला मोबाइल नंबर दाखवला. "नाव तं गेलं आहे आधीच. अर्ध्या तासाचा रेट वेगळा, पूर्ण रात्रीचा वेगळा. डिझेल तुमच्याकडे."

पोराने मोबाइल काढून हिशेब केला आणि माईकची केसाळ टोपी काढून पिशवीत ठेवली. संध्याकाळी म्हणे भाच्याला विचारत होता, असा आवाज देणारं एखादं प्लगइन मिळेल का.

भाच्याने शोधून दिलं. बर्लिनच्या कुणीतरी काढलं आहे.